खंडेनवमीची आंघोळ

आमच्या कंपनीत यंत्रं वर्षातून एकदाच मनापासून धुतली जातात, खंडेनवमीला. एरवी पंप गळतोय म्हणून मी घसा कोरडा केला तरी त्याच्याखाली बादली सरकवण्यापलीकडे कुणी काही करत नाही. खंडेनवमीला मात्र त्याच पंपाला आंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ. आजाऱ्याला औषध द्यायचं नाही आणि वाढदिवसाला हार घालायचा, तसलं हे प्रेम. मला या प्रेमाचा राग आहे. का आहे तेच सांगते.

कंपनी चाकणला. गाड्यांच्या मोठाल्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला, कांद्याचे ट्रक जिथे वळताना एकमेकांना शिव्या घालतात त्या रस्त्यावर. आम्ही क्वाट बनवतो. पूर्ण नाव चतुष्क अमोनियम क्षार, पण ते घेतलं की समोरचा जांभई देतो, म्हणून क्वाट. फरशी पुसायच्या जंतुनाशकात, केसांच्या कंडिशनरमध्ये, कपडे मऊ करायच्या द्रवात असतं ते हेच. साथीच्या दिवसांत लोकांनी दाराच्या कड्यांवर, भाजीवर आणि वेळ आली तेव्हा एकमेकांवर जे फवारलं, त्यातलं बरंचसं आमच्यासारख्या कंपन्यांतूनच गेलं. तेव्हा आम्हाला रस्त्यावर पोलीससुद्धा अडवत नसत.

क्वाट करायला आधी अमाइन लागतं. खोबरेल किंवा पाम तेलापासून येतं आणि त्याला शिळ्या मासळीचा वास असतो. त्यातल्या नायट्रोजनने तीन हात धरलेले असतात. चौथा हात कुणाला तरी द्यायला लावायचा, की त्याच्यावर धन भार येतो आणि झालं क्वाट. चौथा हात धरला गेला की वास जातो. पुस्तकात यासाठी टायट्रेशन सांगितलंय, मीही करते, पण झाकण उघडल्यावर मासळीचा वास आला नाही की मनातून समजलेलं असतं, काम झालं. वास जातो तो भांड्यातला, माझ्या अंगाचा नाही. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट मोशीपर्यंत रिकामी असायची, आणि डांगे चौकात उतरून मी घरी आले की आई दारातच म्हणायची, "आलीस का बाजार करून?" घरात आम्ही दोघीच. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते, ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आता साबण आणि क्वाट यांचं वैर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दोघांची ठेवण सारखीच. एक डोकं, ते पाण्यात रमतं. एक तेलकट शेपूट, तिला पाणी नको असतं. म्हणून दोघेही पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, डोकं पाण्यात, शेपूट हवेत, आणि त्यांच्यामुळे पाण्याची ताणलेली साय ढिली पडते. फरक एवढाच, की साबणाचं आणि धुण्याच्या पावडरचं डोकं ऋण आणि क्वाटचं धन. ओला केस ऋण, ओलं कापड ऋण, काचही ऋण. म्हणून क्वाट त्यांना घट्ट चिकटतं आणि केस मऊ लागतात. पण क्वाट आणि पावडर एकत्र आले की ते केसही सोडतात आणि कापडही. एकमेकांच्याच गळ्यात पडतात, पाणी ताकासारखं गढूळ होतं, तळाला दह्यासारखी गाठ बसते. दोघेही कामातून जातात. प्लांटमधल्या मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजी पळून जाऊन लगीन केल्यावानी. दोनी घरची कामं बंद."

मामा आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, जवळच्याच गावचे. त्यांच्याच भावकीच्या जमिनीवर अर्धी वसाहत उभी आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मालकसुद्धा. मालकांना आम्ही सर म्हणतो. सर रसायनशास्त्र शिकलेले नाहीत, पण ते विकतात उत्तम. ग्राहकासमोर बसले की त्यांच्या तोंडून माझीच वाक्यं येतात, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

मी जी वस्तू बनवली होती तिला मामा 'जुळं' म्हणायचे. साध्या क्वाटला एक डोकं, एक शेपूट. माझ्या जुळ्याला दोन डोकी, दोन शेपट्या आणि दोन्ही डोकी जोडणारा एक आखूड पूल. असा पदार्थ जगात कुणी केला नव्हता असं नाही. पण आमच्या भांड्यात, आमच्या कच्च्या मालातून, घरगुती वापराला परवडेल असा करायचा म्हणजे वेगळं काम. पहिलं डोकं पटकन जोडलं जातं. दुसरं मात्र लग्नाला आलेल्या नाराज आत्यासारखं, हजर असतं पण पुढे येत नाही. त्याला पुढे आणण्यात माझी काही वर्षं गेली. अर्धवट जोडलेला माल म्हणजे नुसता कचरा. तापमान किती ठेवायचं, पाण्यात अल्कोहोल किती घालायचं, कधी थांबायचं, सगळं चुकत चुकत शिकले. आणि एके दिवशी फ्लास्क थंड केला तर तळाशी पांढरे, चमकदार पापुद्रे. पाण्यात टाकले तर विरघळून पाणी पुन्हा नितळ. वास नाही. मी लॅबचं दार लावून घेतलं आणि एकटीच हसले.

ते चांगलं आहे हे मला तारेच्या एका कडीने सांगितलं. पृष्ठताण मोजायच्या यंत्रात प्लॅटिनमची बारीक कडी असते. ती ज्योतीत लाल करून घ्यायची, द्रावणाला टेकवायची आणि हळूहळू वर ओढायची. पाणी तिला किती जोराने धरून ठेवतं ते यंत्र दाखवतं. क्वाट वाढवत जावं तसा ताण उतरत जातो आणि एका जागी थांबतो. पृष्ठभाग भरला, आता जास्तीचे रेणू पाण्याच्या पोटात घोळके करून बसणार. कागदावर ती उतरती रेघ आणि मग आडवी रेघ, मध्ये स्वच्छ कोपरा. माझ्या जुळ्याचा कोपरा साध्या क्वाटच्या कितीतरी अलीकडे आला. म्हणजे चिमूटभरात ओंजळीचं काम. ती कडी इतकी नाजूक असते की मी ती कधी कुणाला हात लावू दिली नाही. लॅबमध्ये मला 'कडीवाल्या मॅडम' म्हणायचे. मला आवडायचं ते.

सरांनी कपडे मऊ करायचं द्रव बनवणारा एक मोठा ग्राहक आणला. त्यांना नमुना पसंत पडला होता, आता प्लांटच्या मोठ्या भांड्यात काढलेली बॅच पाहायची होती. ती जमली तर लॅब राहणार होती आणि लॅबमध्ये मी. नाही जमली तर लॅब बंद. सरांनी हे लपवून ठेवलं नव्हतं. "मॅडम, संशोधन म्हणजे लाड. लाड परवडले पाहिजेत," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. मला हे एवढंच हवं होतं. पगारवाढ नको, केबिन नको. माझं जुळं त्या काचेच्या अस्तराच्या भांड्यात एकदा नीट जन्मावं आणि मला त्या लॅबमध्ये राहू द्यावं.

बॅच दसऱ्यानंतर, मी परत आल्यावर घ्यायची, असं ठरलं होतं. दसऱ्याला मी नव्हते. आईला नागपूरला जायचं होतं. आमच्या लोकांसाठी तो दिवस धम्माचा. वडील होते तोवर दोघं मिळून जायचे, त्यानंतर तिचं राहूनच गेलं होतं. गुडघे अजून चालतायत तोवर नेऊन आण, म्हणाली. रजा मी आधीच मंजूर करून घेतली होती. निघताना मामांना सांगितलं, "मामा, मोठं भांडं गरम पाण्याने आणि मग अल्कोहोलने. दुसरं काही नाही." मामा म्हणाले, "आता काय पयल्यांदा धुतोय व्हय, ताई?" नागपूरच्या गर्दीत आईचा हात धरून मी चालत होते तेव्हा मला खरोखर कंपनीची आठवणही नव्हती. आई लहान मुलीसारखी हरखली होती. ते दोन दिवस कुणी माझ्याकडून परत घेऊ शकत नाही.

इकडे काय झालं ते मला आल्यावर कळलं. खंडेनवमीच्या सकाळी सर प्लांटमध्ये आले. पूजेला पाहुणे येणार, फोटो निघणार. मोठ्या भांड्याचं झाकण उघडलं तर आत पिवळसर वलयं. जुन्या मालाचे डाग ते, निरुपद्रवी. सर म्हणाले, "मामा, हे काय? देवासमोर असं ठेवणार? चकाचक पाहिजे." मामांनी सांगितलं, मॅडम पाण्यानंच धुवा म्हणाल्यात. सर म्हणाले, "मॅडम नागपूरला आहेत." आणि बाहेरच्या दुकानातून धुण्याच्या पावडरची पोती आणवली. निळ्या कणांची, सुगंधी. मामा आत उतरले आणि घरच्या गाईला धुवावं तशा मायेने त्यांनी ते भांडं घासलं. मग फोटो निघाले. भांड्यावर स्वस्तिक, व्हॉल्व्हला फूल. तो फोटो आमच्या ग्रुपवर आला होता आणि मी नागपूरहून त्याला हात जोडल्याचं चिन्हही पाठवलं होतं.

सर एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, मी आल्यावर भांडं पुन्हा धुतलं असतं. पण दसऱ्याला सरांना मुहूर्त सुचला. साडेतीन मुहूर्तांतला एक, एवढी मोठी बॅच, ग्राहकाचा माणूस पुण्यातच उतरलेला. मला फोनसुद्धा केला नाही. माझी रीत लिहून ठेवलेली होती, मामांचा हात बसलेला होता. दसऱ्याला माझ्या जुळ्याचा जन्म झाला आणि त्याची आई म्हणवणारी मी तिकडे परतीच्या गाडीत झोपलेली होते.

मी कामावर आले तेव्हा टेबलावर बाटली ठेवलेली होती. ताक. मी ती उजेडासमोर धरली, हलवली, ठेवली, पुन्हा धरली. शेजारी माझी लॅबमधली जुनी बाटली, झऱ्याच्या पाण्यासारखी. मला आधी स्वतःचीच शंका आली, हे सांगते. दुसरं डोकं नीट जोडलं गेलं नसेल, मोठ्या भांड्यात उष्णता सारखी पोचली नसेल. म्हणून कडी तापवली आणि मोजायला बसले.

रेघ उतरली, उतरतच गेली, हवी त्याहून खाली गेली, मग पुन्हा थोडी वर चढली आणि तेव्हा कुठे आडवी झाली. कोपऱ्याच्या जागी खड्डा. या विषयात काम करणाऱ्या कुणालाही हा खड्डा दाखवा, तो एकच गोष्ट सांगेल, आत दुसरं कुणीतरी आहे. एकट्या शुद्ध पदार्थाला असा खड्डा पडत नाही. लॅबच्या बाटलीची रेघ त्याच दिवशी पुन्हा काढली. स्वच्छ कोपरा, खड्डा नाही. म्हणजे माझा पदार्थ खरा होता आणि त्याच्या घरात परका शिरला होता. मी तडक प्लांटमध्ये गेले आणि मामांना खालचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं.

व्हॉल्व्हच्या खाचेत पांढरी, बुळबुळीत गाठ होती. मी ती चमच्याने काढली. तिला मासळीचा वास नव्हता, मोगऱ्याचा होता. मामांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मग मी गाठ लॅबच्या अंधाऱ्या खोक्यात अतिनील दिव्याखाली ठेवली. धुण्याच्या पावडरमध्ये कपडे उजळ दिसावेत म्हणून जो पदार्थ घालतात तो त्या दिव्यात निळा चमकतो. गाठ निळी चमकली. दिवा प्लांटमध्ये नेऊन धरला तर भांड्याच्या झाकणाच्या रबराची कडाही चमकली. मामांनी पाण्याने कितीही वेळा धुतलं असतं तरी हे गेलं नसतं, कारण काचेला जुनं क्वाट चिकटलेलं आणि त्या क्वाटला पावडर. पाणी वरून वाहून जातं, ते तिथेच राहतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मला वाटलं. किती खुळी होते मी.

सरांच्या केबिनमध्ये सर होते, मामांना बोलावलं होतं आणि मी. खोका आणि दिवा मी बरोबरच नेला होता. सांगितलं सगळं, दाखवलं. सर वाकून बघत होते. मग खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे पूजेमुळे बॅच गेली, असं म्हणताय तुम्ही?"

"पूजेमुळे नाही, सर. पावडरमुळे."

"पावडर पूजेसाठीच आणली होती ना?"

"हो, पण पूजा पाण्यानेही झाली असती."

"मॅडम, देवाचं काम कसं करायचं ते तुम्ही नका सांगू. तुमचं वेगळं असतं, आम्ही काही बोलतो का? ज्या दिवशी तुमची गरज होती त्या दिवशी तुम्ही नागपूरला होता."

या वाक्यात क्वाट कुठे होतं, मला अजून सापडलेलं नाही. मी म्हटलं, "सर, माझी रजा तुम्हीच मंजूर केली होती, आणि बॅच मी आल्यावर घ्यायची ठरलं होतं." ते म्हणाले, "मुहूर्त रजेला थांबत नाही." मग मामांकडे वळले. "मामा, पावडर राहिली होती का भांड्यात?"

मामा दाराला पाठ लावून उभे होते. म्हणाले, "न्हाई सायेब. लई येळा पानी मारलंय. माझ्या हातचं काम हाय त्ये." खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांनी खरंच पाणी मारलं होतं. पण मोगऱ्याचा वास त्यांच्याही नाकात गेला होता आणि तो त्यांनी केबिनमध्ये आणला नाही. लोक म्हणतात, बिचाऱ्याची नोकरी होती, काय करणार. माझीही नोकरीच होती. मला मामांचा राग आला, तो आजही आहे, आणि त्यांनी माझ्या आईसाठी दरवर्षी हुरडा पाठवला तरी तो जात नाही.

मी फक्त एक गोष्ट मागितली. भांडं उकळत्या अल्कोहोलने धुऊ द्या, व्हॉल्व्ह खोलू द्या आणि बॅच एकदा, माझ्यासमोर, पुन्हा घेऊ द्या. सर म्हणाले, ग्राहक थांबणार नाही. ग्राहकाला काय सांगितलं गेलं ते त्यांच्या माणसाकडूनच कळलं; जाताना तो भला माणूस लॅबमध्ये डोकावला. "मॅडम, आयडिया चांगली होती, पण मॉलिक्यूल मोठ्या स्केलला टिकत नाही म्हणे. होतं असं." मी त्याला नितळ बाटली दाखवली. तो म्हणाला, "हो, पण लॅबमध्ये सगळंच टिकतं." आणि हात मिळवून गेला.

कॅन्टीनमध्ये गोष्ट माझ्याआधी पोचली होती, आणि पोचेपर्यंत तिने रूप बदललं होतं. मॅडम म्हणतात देवामुळे बॅच बिघडली. मॅडमना आपलं चालत नाही. रोज माझ्या डब्यातली चटणी मागून घेणारे दोघे त्या दिवशी पलीकडच्या टेबलावर बसले. पॅकिंगमधला एकजण हसत हसत म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी तुमच्या परवानगीने नारळ फोडू." सगळे हसले, मीही हसले. ते हसणं मला अजून तोंडात कडू लागतं. पावडरची एक गाठ, तिच्यात मोगऱ्याचा वास, एवढी साधी गोष्ट; आणि ती कुणाच्या तोंडून आली एवढ्यानेच तिची गोष्ट बदलली. माझ्याऐवजी ती दुसऱ्या कुणी सांगितली असती तर सरांनी पावडरवाल्या दुकानदारालाच शिव्या घातल्या असत्या. हे मी सिद्ध करू शकत नाही. याला कुठला दिवा नाही.

घरी आईला सांगायचं नव्हतं, पण तिने चेहऱ्यावरून काढून घेतलं. गुडघ्याला तेल चोळता चोळता थांबली आणि म्हणाली, "माझ्यापायी झालं का गं हे? मी नागपूर नागपूर केलं नसतं तर तू तिथंच असतीस." मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्या वहिनी दाराशी आल्या. सरांवर ओरडायचं होतं ते मी आईवर ओरडले, दुसरं काय. आईने तेलाची वाटी उचलून ठेवली आणि त्यानंतर नागपूरचं नाव काढलं नाही.

लॅब बंद झाली. यंत्रावर प्लॅस्टिकची पिशवी आली आणि मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. येणाऱ्या ड्रमचा सामू बघा, जाणाऱ्या ड्रमवर चिठ्ठी लावा. नोकरी का सोडली नाही, असं लोक विचारतात. चाकणमध्ये या वयाच्या, या विषयातल्या बाईसाठी कोण दार उघडून बसलंय? फिरले मी. तळेगावला, भोसरीला. मुलाखतीत विचारायचे, "आधीच्या कंपनीत तुमचा प्रोजेक्ट फेल का गेला?" मी पावडरचं सांगायला लागले की पहिल्या वाक्यातच समोरचे घड्याळ बघायचे. शेवटी सांगणं सोडलं. नितळ बाटली टेबलाच्या खणात ठेवली. अधूनमधून काढून उजेडात धरायची. ती काही गढूळ होत नव्हती. टिकत नाही म्हणे.

पुढच्या खंडेनवमीला मी रजा घेतली नाही. आई म्हणाली, "मी नाही जात, तू जा कामावर." शेजारच्या वहिनी निघाल्याच होत्या, त्यांनी तिला बळेच बरोबर नेलं. मी सकाळी कंपनीत गेले. मोठ्या भांड्याजवळ मामा आणि दोघेजण गरम पाण्याचा पाइप घेऊन उभे. पावडर कुठेच नव्हती. भांड्यावर मी कधी न पाहिलेला पत्रा लावलेला, लाल अक्षरांत: या भांड्यात साबण अथवा पावडर वापरण्यास सक्त मनाई. मी मामांना विचारलं, "हे कुणी लावलं?"

"सायबांनीच लावाया सांगितला, ताई. मागल्या वर्षीच, दिवाळीच्या आदी."

मागच्या वर्षीच. दिवाळीच्या आधी. म्हणजे माझ्या यंत्रावर पिशवी चढली त्याच सुमारास. माझं टेबल दुसऱ्या टोकाला, प्लांटमध्ये मला कुणी बोलवत नसे, म्हणून वर्षभर दिसला नव्हता. मला वाटत होतं, त्यांना पटलं नाही. पटलं होतं. केबिनमध्ये वाकून निळा उजेड पाहिला तेव्हाच पटलं होतं.

दुपारी पूजा झाली. माझं यंत्रही पिशवीतून काढून पाटावर ठेवलं होतं. कडीच्या आकड्याला कुणीतरी झेंडू अडकवला होता आणि कडी वाकून कानातल्या तुटक्या रिंगेसारखी झाली होती. सर एका नव्या ग्राहकाला प्लांट दाखवत आले. मोठ्या भांड्यापाशी थांबले, पत्र्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आमच्याकडे हे कडक आहे. क्वाट धन, पावडर ऋण. काचेला चिकटून बसतं, पाण्याने जात नाही. एक चमचाभर राहिली तरी अख्खी बॅच जाते." शब्द न् शब्द माझा. पाहुणे मान डोलवत होते. मामा पंपाकडे बघत होते.

मी मोठ्याने विचारलं, "सर, मग मागच्या वर्षीची बॅच कशाने गेली?"

पंप बंद होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. पाहुण्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी ताटातला एक पेढा उचलला आणि हसून माझ्यासमोर धरला. "मॅडम, आज सणाचा दिवस आहे. तोंड गोड करा."

सगळे बघत होते. नाही म्हटलं असतं तर पुन्हा तेच, मॅडमना आपलं चालत नाही. मी पेढा घेतला आणि खाल्ला. सर पाहुण्यांना घेऊन पुढच्या भांड्याकडे गेले. माझी आई त्या वेळी माझ्याशिवाय नागपूरच्या गाडीत होती, आणि मी इथे भांडं नीट धुतलं जातंय ना ते बघायला थांबले होते. ते नीट धुतलं गेलं होतं.